गडगा, सातबारा आणि वेदीपुढचं अर्पण

मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात येशू एक अवघड गोष्ट अगदी साधेपणाने सांगतो. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. कोकणात या वचनाचा पत्ता शोधायला लांब जावं लागत नाही. दोन परड्यांच्या, म्हणजे घरालगतच्या आवारांच्या, मधल्या गडग्यापाशी तो सापडतो. जांभ्या दगडांचा, मांडीएवढा रचलेला गडगा पावसात कुठेतरी ढासळतो, उन्हाळ्यात पुन्हा रचला जातो आणि रचताना वीतभर पलीकडे सरकतो. वीस वर्षांत त्या वितीचे दोन हात होतात आणि मेरेवरचा माड या घराचा होता तो त्या घराचा होऊन बसतो. दोन्ही घरं रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येतात, एक डाव्या रांगेत, एक उजव्या. शांतीचं अभिवादन द्यायची वेळ आली की पुढच्या-मागच्यांशी हात जुळतात, त्या एका घराशी जुळत नाहीत.

शांती, न्याय आणि सेवा हे शब्द आपल्या प्रवचनांत भरपूर येतात. धर्मग्रामातल्या किंवा मंडळीतल्या पाच-सहा जणांनी ते करायचं ठरवलं, तर सोमवारी सकाळी हातात काय घेऊन निघायचं, एवढंच इथे मांडायचं आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: न्यायाआधी शांती मागितली की जो दुबळा असतो त्यालाच गप्प बसवलं जातं. "जाऊ दे ना, देव बघतोय" हे वाक्य नेहमी ज्याचं गेलंय त्यालाच ऐकवलं जातं, ज्याने घेतलंय त्याला कधीच नाही. म्हणून आधी कागद, मग समेट.

गडग्याच्या भांडणापासूनच सुरुवात करू, कारण गावातलं सगळ्यात जास्त वैर तिथेच साठलेलं असतं. मध्यस्थी दोघांनी करावी. दोघंही त्या वाडीबाहेरचे असावेत आणि त्यांतली एक बाई असावी. फादरांनी किंवा पाळकांनी निवाडा करू नये, हे माझं ठाम मत आहे. त्यांना उद्या दोन्ही घरांत आजाऱ्याला कम्युनियन द्यायचं असतं, दोन्ही घरांतली माती द्यायची असते. त्यांनी एका बाजूने कौल दिला की दुसरं घर देवळापासून तुटतं. दोघांना एकत्र आणणं आणि प्रार्थना करून बाजूला होणं, एवढंच त्यांचं काम.

पहिली भेट वेगवेगळी घ्यायची, ज्याच्या त्याच्या घरी, आणि दोन्हीकडे सारखाच वेळ द्यायचा. एका घरी तासभर बसलात आणि दुसऱ्या घरी पंधरा मिनिटांत उठलात तर वाडीने ते मोजलेलं असतं. चहा घ्यायचा तर दोन्हीकडे घ्या, नाहीतर कुठेच नको. बोलणाऱ्याला मधे तोडू नका. वहीत तीन रकाने करा: काय घडलं आणि कधी, कशाची भीती वाटते, आणि काय हवंय. तिसऱ्या रकान्यात बहुतेक "माका माझो गडगो परत व्हयो" असंच येतं. पण दुसरा रकाना नीट ऐकला तर खरी गरज वेगळीच निघते. आंब्याचे क्रेट न्यायला टेम्पो परड्यात येत नाही, विहिरीवर पंप लावायला पाइप ओलांडून न्यायचा आहे, म्हातारीला शौचालयाकडे जायची वाट बंद झाली आहे. गडगा दोन हात मागे जाणं आणि टेम्पो आत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी पुष्कळदा पहिलीशिवाय सुटते.

मग कागद. ताजा सातबारा, आठ-अ, गाव नकाशाचा उतारा, जुने फेरफार आणि पूर्वी कधी मोजणी झाली असेल तर तिची क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. इथे एक गैरसमज सगळ्यांचाच असतो. सातबारा नावं सांगतो, क्षेत्र सांगतो, इतर हक्कात कुळाची नोंद असेल तर तीही सांगतो, पण हद्द कुठून जाते ते सांगत नाही. त्यातून कोकणात एका सर्व्हे नंबरचे दहा-बारा हिस्से पडलेले असतात आणि त्यांतले कितीतरी पोटहिस्से जागेवर कधी मोजलेलेच नसतात. दोघंही आपापला सातबारा फडकवतात, दोघांचे आकडे बरोबर असतात, आणि गडगा कुठे हवा हे कोणाच्याच कागदात नसतं.

त्यासाठी मोजणी. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा. लगतधारकांना नोटीस जाते. घोळ इथेच होतो. नोटीस गावच्या पत्त्यावर येते, माणूस मुंबईला, घराला कुलूप. त्याच्या पाठीमागे मोजणी होते आणि गणपतीत तो आला की भांडण दुप्पट झालेलं असतं. म्हणून मध्यस्थांनी मुंबईच्या माणसाला तारीख स्वतः कळवायची आणि तो येऊ शकत नसेल तर गावातल्या कोणाला उभं करायचं, हे त्याच्याकडून लेखी घ्यायचं. मोजणीची फी दोघांनी निम्मी-निम्मी भरावी. एकाने भरली तर दुसरा जन्मभर "ती त्याची मोजणी" म्हणत राहतो. भूकरमापक खुणा दाखवून गेला की त्याच दिवशी, दोघांच्या देखत, दगड सिमेंटमध्ये बसवून टाका. लाकडी खुंट पहिल्या पावसात कुजतो किंवा नाहीसा होतो, आणि कोणी काढला हे मग नवीन भांडण. मोजणी पटली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. हे सुरुवातीलाच सांगून ठेवावं, म्हणजे पहिल्या निकालावर कोणी हातघाईवर येत नाही.

समोरासमोरची बैठक चर्चमध्ये नको आणि कोणाच्या खळ्यातही नको. शाळेची पडवी किंवा धर्मग्रामाचं सभागृह बरं. वेळ सकाळची, संध्याकाळी पोटात काही गेल्यावरची नको. दीड तासाच्या वर लांबवू नका. वारलेल्या आई-वडिलांचं नाव काढायचं नाही, हा नियम आधीच घालून घ्यावा. आणि त्या जमिनीत प्रत्यक्ष राबणाऱ्या बायका बैठकीत हव्यातच. पुरुष तावातावाने बोलत असतात, पण कुठली वाट कधीपासून वापरात होती हे तिथून रोज हंडा नेणारीला माहीत असतं.

ठरलं ते लिहून काढताना मोघमपणा नको. "येण्याजाण्यास वाट द्यावी" हा मजकूर म्हणजे पुढच्या खटल्याची पायाभरणी. "व्हाळाकडच्या फणसापासून मांगराच्या उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत ८ फूट रुंद, टेम्पोसह, बारमाही, वाटेवर येणाऱ्या फांद्या पूर्वेचे मालक दरवर्षी मे महिन्यात तोडतील" असं लिहा. जमिनीचा हक्क बदलत असेल तर कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवलाच पाहिजे. स्टॅम्पपेपरवर सह्या करून कपाटात ठेवलेला कागद कोर्टात हक्काचा पुरावा म्हणून उभा राहत नाही.

आता वाट अडवल्याच्या प्रकरणातला एक फार महत्त्वाचा मुद्दा. वहिवाटीची वाट किंवा पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गावातल्या समेटाच्या बैठका सहा महिने सहज चालतात. आज अमका नाही, उद्या लग्न आहे, मग शिगमा, मग आंबा. तेवढ्यात मुदत जाते आणि वाट अडवणाऱ्याला वाटाघाटीचंच बक्षीस मिळतं. चांगल्या मनाने केलेल्या मध्यस्थीने दुबळ्या माणसाचा हक्क बुडवला, असं इथे खरोखर होतं. म्हणून ज्याची वाट अडली आहे त्याला पहिल्याच भेटीत सांगायचं: दावा दाखल कर, बोलणी त्याच्या जोडीने चालू ठेवू. दावा दाखल करणं म्हणजे वैर असं मानायचं कारण नाही. ठरलं तर मागे घेता येतो, किंवा लोकअदालतीत तडजोड नोंदवता येते. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात हा क्रम दिलेला आहे: आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकलं नाही तर एक-दोघं साक्षीला घे, तरीही नाही तर मंडळीपुढे मांड. पायरी चढत जाते, कारण चूक झाकली जाऊ नये. "प्रेमाने घ्या" म्हणून पहिल्याच पायरीवर बसून राहायला त्यात कुठे सांगितलेलं नाही.

घराबाहेरच्या गडग्यापेक्षा अवघड गडगा घरातला. बहिणीचा हिस्सा. भारतीय ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर वाटणी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे होते. पत्नी आणि मुलं मागे असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलांना सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. वडिलांची ९० गुंठे जमीन, मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण: आईला ३०, तिघांना प्रत्येकी २०. हिशोब इतका सरळ आहे. केरळात त्रावणकोरचा जुना कायदा मुलीला नाममात्र रक्कम देत होता, तिथेही मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये १९२५ चाच कायदा लागू असल्याचं सांगितलं.

तरी आपल्याकडे काय होतं? वडिलांच्या महिन्याच्या मिस्साला बहीण माहेरी येते, जेवणं आटोपतात आणि भाऊ हक्कसोड पत्र पुढे करतात. "तुझं लग्न करून दिलं ना." ती सही करते, कारण सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती खरी असते. ही सही कायद्याने चालते, पण तिला प्रेमाचं दान म्हणायची माझी तयारी नाही. मंडळीने इथे तीन साध्या गोष्टी कराव्यात. कोणाचं निधन झालं की सांत्वनाच्या भेटीतच घरच्यांना सांगावं, की वारसांची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्यायची आणि त्यात मुलींचीही नावं घालायची. वर्षभर कोणीही हक्कसोडीची सही करू नये, शोकात सही नको. आणि बहिणीला सोडायचंच असेल तर तिने आधी आपला हिस्सा किती, त्याची आजची किंमत काय, हे कागदावर पाहावं आणि मग ठरवावं. काही बहिणी तरीही देतील. माहीत असून दिलेलं ते दान.

एका ठिकाणी मात्र समेट करायला जायचंच नाही. जिथे मारहाण आहे तिथे. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून "दोघांनी थोडं थोडं घ्या" म्हणणं हे पाप आहे, हा शब्द मी विचार करून वापरतो. त्याच्यासमोर ती खरं बोलू शकत नाही. बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. तिच्याशी बोलायचं ते बाईने, एकटीशी आणि सुरक्षित जागी. ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे नंबर तिला पाठ करायला सांगा, फोनमध्ये वेगळ्या नावाने ठेवू दे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे. त्यात संरक्षण अधिकारी असतो आणि दंडाधिकारी संरक्षणाचा आदेश आणि राहत्या घरात राहण्याचा आदेश देऊ शकतात. वकिलासाठी पैसे नसतील तरी अडत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करायचा किंवा १५१०० ला फोन करायचा. आणि कॅथलिक बाई "लग्न मोडता येत नाही, मग मी जाऊ कशी" असं विचारते तेव्हा तिला सांगणारं कोणीतरी हवं, की जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा चर्चच्या कायद्यातच आहे, कॅनन ११५३ मध्ये. विवाहाचं बंधन म्हणजे मार खात राहण्याची आज्ञा नव्हे.

सेवेच्या भेटींकडे वळू. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी १८३३ मध्ये पॅरिसला संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाने जे काम सुरू केलं, त्याचा गाभा घरोघरची भेट हाच होता. येशूनेही शिष्यांना दोघादोघांना पाठवलं. दोघं असले की एक बोलतो आणि दुसऱ्याच्या लक्षात येतं: चूल पेटलेली नाही, औषधाची पट्टी संपली आहे, म्हातारा सुनेकडे बघून मगच उत्तर देतो.

आजाऱ्याकडे जायची वेळ सकाळी दहाच्या पुढे, आंघोळ-पेज उरकल्यावर. वीस मिनिटं पुरेत. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून बोलू नका, खुर्ची घेऊन डोळ्याला डोळा भिडेल असं बसा. प्रार्थना करू का, हे आधी विचारा. नको म्हणाला तर नको. "देवाने परीक्षा घेतली आहे" हे वाक्य कोणाच्याही घरी बोलू नका. आजाऱ्यासाठी म्हणायचं असेल तर त्याच्या भाषेतलं, त्याच्या तोंडातलं गीत म्हणावं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगाच्या चालीत आणलं ते उगाच नाही. बोलणं सोडून आठवडा झालेली म्हातारी ओळखीचं कडवं आलं की ओठ हलवते.

भेटीला जाताना कोकणी माणूस शहाळं घेऊन जातो. इथे फार सांभाळायचं. किडनी निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या माणसाला शहाळ्याचं पाणी धोक्याचं असतं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, खराब किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय अशा रुग्णाला दिवसाला किती पाणी प्यायचं याचं माप दिलेलं असतं. पाहुण्याने प्रेमाने फोडलेलं शहाळं नाकारायला त्याला संकोच वाटतो. रिकाम्या हाताने जा, किंवा घरच्यांना विचारून न्या. त्यापेक्षा वेळ न्या. अर्धांगाने पडलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाड आणि टाचेवर व्रण होतात. हे रात्रंदिवस करणारी एक सून असते, तिची झोप महिनोन्महिने झालेली नसते. आठवड्यातून एक दुपार दोघी जणी तिथे बसल्या आणि तिला तीन तास झोपू दिलं, तर ती सेवा शंभर शहाळ्यांहून मोठी. कूस कशी बदलायची, चादर धरून कसं सरकवायचं, हे आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सकडून शिकून घ्या. ओढत सरकवलं तर कातडी सोलते.

टीबीच्या रुग्णाकडे लोक जात नाहीत, तिथे नक्की जा. औषध किमान सहा महिने चालतं आणि बरं वाटायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सोडलं जातं. आजार उलटण्याचं आणि औषधाला दाद न देण्याचं मोठं कारण तेच. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये खात्यात यायला हवेत. येत नसतील तर बहुतेक वेळा खातं आधारशी जोडलेलं नसतं. बँकेत सोबत जाणं हीसुद्धा सेवाच. भातलावणीच्या दिवसांत अंग मोडून ताप आला, पोटऱ्या दुखताहेत, डोळे लाल आहेत, तर घरी काढा देत बसू नका. लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा ताप) असू शकतो. त्याच दिवशी आरोग्य केंद्र.

बंदरावरचं काम वेगळं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. घरात पैसा येत नाही आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते. मदत करायची तर मेच्या शेवटच्या आठवड्यात करा, जुलैत केलेली मदत सावकाराच्या व्याजात जाते. वह्या-गणवेशाचं जाहीर वाटप, मुलांना रांगेत उभं करून फोटो, हे बंद केलं पाहिजे. दुकानदाराशी बोलून खातं लावा. मूल इतरांसारखं दुकानात जाईल, आपली वही स्वतः निवडेल.

होडीवरच्या खलाशांत, विशेषतः रत्नागिरीकडे, नेपाळहून आलेले पुष्कळ आहेत. आंब्याच्या बागांत राखणीलाही तेच. हंगामाच्या सुरुवातीला उचल मिळते आणि मेमध्ये हिशोब होतो. भांडण या हिशोबाचं असतं: किती उचल घेतली, मधे किती घरी पाठवले, किती खाडे झाले. मालक लबाड असतोच असं नाही. दोघांच्या आठवणी वेगळ्या असतात आणि वही एकाकडेच असते. उपाय दहा रुपयांचा आहे. दोन वह्या. दर महिन्याच्या शेवटी दोन्हींत तोच आकडा आणि दोघांची सही किंवा अंगठा. मालक आपल्याच मंडळीतला असेल तर हे त्याला सांगणं आपलं पहिलं काम, कारण मजुराची अडवलेली मजुरी देवापर्यंत ओरडत जाते, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात स्पष्ट आहे.

आणि होडी परत आली नाही तर? पहिल्या दिवशी सगळे किनाऱ्यावर प्रार्थना करत उभे असतात. त्याच वेळी कोणीतरी दोघांनी कागदाचं काम करायलाच हवं. तटरक्षक दलाचा नंबर १५५४. त्यानंतर पोलीस ठाण्यात बेपत्ता झाल्याची तक्रार: होडीचा नोंदणी क्रमांक, निघाल्याची वेळ, होडीवर कोण कोण होतं त्यांची पूर्ण नावं, मालकाचा जबाब. प्रत घेऊन ती बायकोच्या हातात द्या. देह मिळाला नाही तर मृत्यू गृहीत धरायला कायद्याने सात वर्षांचा काळ लागतो, आणि त्या काळात मदतीच्या प्रत्येक अर्जाला हीच पहिल्या दिवसाची तक्रार लागते. होडीवर कोण होतं याची यादीच नसेल तर परक्या मुलखातला खलाशी कागदावर कधी समुद्रात गेलेलाच नसतो. बंदरावर रोजची यादी ठेवायचा आग्रह हा माझ्या दृष्टीने प्रार्थनेचाच भाग आहे.

रायगडकडे कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, मुलांची शाळा सुटते आणि उचल फिटत नाही. हे वेठबिगारीत मोडू शकतं. १९७६ चा कायदा आहे, तक्रार तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. पण कुटुंबाच्या राहण्याची आणि पुढच्या कामाची सोय न करता तक्रार केली, तर ती माणसं दुसऱ्या भट्टीवर जातात. आधी रेशनकार्ड, जॉबकार्ड, जातीचा दाखला, मग तक्रार. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकार: दहा रुपये, अर्ज दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय, तीस दिवसांत उत्तर. "का दिलं नाही" असं विचारू नका. "अर्ज क्रमांक अमुकवर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली, त्याची प्रत द्यावी" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला टोलवता येतं, दुसऱ्याला कागद द्यावा लागतो.

जमिनीला आणि पाण्यालाही न्याय लागतो, आणि तो सगळ्यांनी मिळून मागावा लागतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले तेव्हा प्रश्न विहिरींच्या पाण्याचा आणि बागायतीचा होता, आणि लढ्यात सर्व धर्मांचे वसईकर होते. गावातल्या शांततेची पेरणी अशाच सामाईक कामांत होते. सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात भरणाऱ्या शांतता समितीत नुसतं जाऊन बसल्याने ती उगवत नाही. समितीत जावंच, पण तिथल्या इतरांचे फोन नंबर वर्षभर वापरात असावेत. अफवा आली की आधी त्या वाडीतल्या ओळखीच्या माणसाला फोन, मग काय ते. "हे खोटं आहे" असं लिहूनही तो व्हिडिओ पुढे पाठवू नका, वरचं वाक्य गळतं आणि व्हिडिओ तेवढा फिरत राहतो.

मदतीला अट नको, तशी सावलीही नको. धान्याच्या पिशवीत पत्रक घालू नका. मदत देताना प्रार्थनेचं आमंत्रण देऊ नका. कोणी आपण होऊन विचारलं तर दुसऱ्या दिवशी, वेगळ्या ठिकाणी, मोकळेपणाने बोला. यामुळे संशयाला जागा राहत नाही हे खरं, पण मूळ कारण ते नाही. भुकेल्या माणसाचं "हो" हे मोकळं "हो" नसतं, आणि येशूने कोणाकडून तसं घेतलेलं दिसत नाही. बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी नऊ परत फिरकले नाहीत, तरी त्यांचं बरं होणं काढून घेतलं गेलं नाही. पैशाचा हिशोब पावतीसह, दर तिमाहीला चर्चच्या फलकावर लावा. मदत घेणाऱ्यांची नावं मात्र फलकावर नकोत, नुसते आकडे.

गडग्याचं काम हाती घेणार असाल तर वेळेचं एवढं बघा. मोजणीचा अर्ज पावसाळ्यातच करून ठेवा, नंबर लागायला महिने जातात. प्रत्यक्ष मोजणी दिवाळीनंतर, रान वाळल्यावर, कारण गवत कमरेएवढं असताना जुना दगड सापडत नाही. चाकरमानी नाताळला घरी येतात, त्या आठवड्यात बैठक. आणि गडगा रचायचा तो मेच्या आत, दोन्ही घरच्या माणसांनी एकत्र दगड वाहून. गवंडी नवा असेल तर दोरी मध्यस्थांनी स्वतः धरावी.